ओट्यामागे दगड लावताना

नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरांत ओट्यामागच्या भिंतीवर चकचकीत टाइल्सऐवजी दगड लावायची हौस वाढली आहे. हिरवट-राखाडी स्लेट, पिवळा जैसलमेर, खडबडीत काळा बसाल्ट. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हे सगळं देखणं दिसतं. मात्र त्या नमुन्याच्या भिंतीसमोर कुणी मोहरीची फोडणी दिलेली नसते. आपल्या घरी त्याच भिंतीवर तेलाचा वाफारा बसतो, वरणाचे शिंतोडे उडतात, मिक्सरच्या झाकणातून चटणी निसटते, आणि रात्री ओटा आवरताना तिच्यावरून ओला फडका फिरतो. दगड कोणता घ्यायचा, कुठपर्यंत लावायचा, हे सगळं त्या फडक्यावर ठरवावं असं मला वाटतं. दुकानात नमुना हातात आला की त्याच्यावरून एखादा सुती रुमाल फिरवून बघा. रुमाल अडकला, धागे ओढले गेले, तर तो दगड शेगडीमागे लावू नका. दुकानदार हसला तर हसू द्या.

बाजारात ‘स्टोन व्हिनिअर’ किंवा ‘क्लॅडिंग’ या नावाखाली निरनिराळ्या चार वस्तू मिळतात आणि विकणारा त्यांतला फरक आपण होऊन सांगेलच असं नाही. पहिली म्हणजे एक-दोन मिलिमीटर जाडीचा लवचिक पत्रा. खऱ्या स्लेटचा किंवा अभ्रकयुक्त दगडाचा पापुद्रा काढून त्याच्या पाठीला रेझिन आणि फायबरग्लास लावलेलं असतं. हलका असतो, वाकतो, कात्रीने किंवा कटरने कापता येतो. पण पाठीला रेझिन असल्यामुळे शेगडीच्या ज्वाळेजवळ त्याला जागा नाही. सिंकच्या बाजूला किंवा कपाटाच्या दारांवर तो शोभतो. दुसरी वस्तू म्हणजे दगडाच्या अरुंद चिपा एकमेकींवर चिकटवून केलेले, साधारण १५ बाय ६० सेंटिमीटरचे पॅनल. वरून दिवा सोडला की यांच्या सावल्या सुंदर पडतात आणि तेल नेमकं त्याच सावल्यांच्या खाचांत जाऊन बसतं. तिसरी, दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या कापीव दगडी टाइल्स, घोटलेल्या किंवा ‘लेदर फिनिश’ केलेल्या. चौथी, सिमेंटचा साचेबंद नकली दगड. याचा रंग बऱ्याचदा वरच्या थरापुरताच असतो, त्यामुळे टवका उडाला की आतलं सिमेंट दिसतं.

रोज फोडणी होणाऱ्या घरासाठी मी तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. चिपांच्या पॅनलचा मोह आवरतच नसेल तर तडजोड करता येते. शेगडीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट ओट्याच्याच ग्रॅनाइटची सपाट पाटी उभी करायची आणि उरलेल्या भिंतीवर पॅनल लावायचे. काही जण शेगडीमागे टफन्ड काच लावतात, तेही चालतं. चिमणी असली तरी हा विचार सोडू नका. ती वाफ ओढते, शिंतोडे ओढत नाही.

दगडाची जात ओळखायला लिंबू पुरेसं आहे. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसा. बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर तेवढाच भाग निस्तेज दिसला, तर दगडात चुन्याचा अंश आहे. शहाबाद, कडप्पा, कोटा, तांदूर, पिवळा जैसलमेर हे सगळे मुळात चुनखडकच आहेत आणि संगमरवरही त्याच कुळातला. जुन्या घरांतले कडप्प्याचे ओटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना लिंबू चिरायच्या जागेवरचे पांढुरके डाग आठवतील. ते डाग घासून जात नाहीत, कारण दगडाचा पृष्ठभागच तिथे खाल्ला गेलेला असतो. सीलर लावूनही हे थांबत नाही. सीलर दगडात मुरणारं पाणी आणि तेल अडवतो, आम्लाची क्रिया रोखत नाही. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो हे ज्या घरात रोजचं आहे तिथे चुनखडक लावायचा तर अशा खुणांसकट तो आवडेल का, हे आधीच ठरवावं. सिंकमागे तर जास्तच, कारण तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासताना शिंतोडे तिथेच उडतात. सह्याद्रीचा काळा बसाल्ट, ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट आणि बहुतेक स्लेट लिंबाला दाद देत नाहीत.

दुसरी परीक्षा पाण्याची. थेंब टाकल्यावर दगड लगेच काळपट पडला तर तो तेलही तसंच पिणार. वालुकाश्म असा असतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या पातळ टाइल्स मिळतात, घराच्या दर्शनी भिंतीवर त्या फार छान दिसतात. पण जांभा म्हणजे छिद्रांचाच दगड, त्याला ओट्यामागे आणू नका. जेवणाच्या टेबलामागची भिंत त्याला द्या.

आता वजन. दहा मिलिमीटर जाडीच्या दगडाचं वजन चौरस फुटाला अडीच किलोच्या आसपास भरतं, वीस मिलिमीटरचं पाच किलो. ओटा दहा फुटांचा आणि त्याच्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची दोन फूट धरली, तर जाड दगडाचा भार १०० किलोंवर जातो. विटांच्या किंवा ब्लॉकच्या, सिमेंटने गिलावलेल्या घट्ट भिंतीला हे पेलतं. पोकळ पार्टिशनवर किंवा प्लायवुडवर असला भार टांगू नये, तिथे लवचिक पत्राच बरा.

भिंतीची तपासणी मात्र कंटाळा न करता करावी, कारण पुढे जे काही सुटतं, फुगतं, पडतं, त्याचं मूळ बहुधा इथेच असतं. आधी ओल. ओट्यामागे बऱ्याचदा बाथरूम असतं, नाहीतर पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं किंवा भिंत गडद झाली तर दगडाचा बेत पुढे ढकला आणि गळती शोधा. ओल दगडाआड झाकली की ती क्षारांच्या पांढऱ्या थराच्या रूपात दरजांतून बाहेर येते. मग कितीही पुसा, पुन्हा येतेच.

नंतर भिंतीवर काय आहे ते पाहा. ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर असेल तर खरवडून गिलाव्यापर्यंत यायचं आणि टाचे मारायचे. पुट्टीचा थर काढायचा. नव्या इमारतींत आतून जिप्सम प्लास्टर असतं. त्याच्यावर सिमेंटचा चिकटा थेट लावला की दोन्हींची क्रिया होऊन सांध्यात फुगणारे स्फटिक तयार होतात आणि काही महिन्यांनी टाइल पाठीला जिप्सम घेऊनच सुटून येते. ओट्यामागचं जिप्सम काढून सिमेंटचा गिलावा करून घ्यावा हे उत्तम. नवा गिलावा पाणी मारून पक्का होऊ द्या आणि त्यानंतर नीट सुकू द्या. सगळं मिळून महिना धरलात तर घाई होत नाही. जुन्या टाइल्सवरच दगड चढवायचा असेल तर एकेक टाइल काठीने वाजवून बघा. पोकळ वाजेल ती काढा, बाकीच्यांची चकाकी ग्राइंडरने उतरवा, प्रायमर लावा. यात भिंत इंचभर पुढे येते हे लक्षात असू द्या. खिडकीची ग्रॅनाइट चौकट मग आत गेल्यासारखी दिसते.

शेवटी ओळंबा सोडा आणि सहा फुटी सरळ पट्टी भिंतीवर आडवी-उभी फिरवा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ती गिलाव्यानेच भरून घ्यायची. चिकट्याचा थर जाड करून खड्डे भरायची मिस्त्रींना सवय असते. ती मान्य करू नका.

भिंत पुढे आली की तिच्यावरच्या सगळ्याच गोष्टी आत जातात, आणि याचा विचार बहुतेकांना दगड लागल्यावर सुचतो. भिंतीतून निघणाऱ्या नळाला दगडाच्या जाडीइतकं एक्स्टेन्शन निपल लागेल, ते प्लंबरकडून आधीच बसवून घ्या. स्विचबोर्डाचे स्क्रू तोकडे पडतील. खडबडीत दगडावर बोर्डाची प्लेट टेकत नाही, कडेने फटी राहतात आणि ओल्या फडक्याचं पाणी आत जातं, म्हणून बोर्डाभोवती सपाट दगडाची चौकट करावी. इलेक्ट्रिशियनचं काम चालू असताना एमसीबी पाडलेला असू द्या. पाइप गॅस असेल तर त्याची नळी दगडाआड गाडायची नाही. ती हलवायची असेल तर गॅस कंपनीचा माणूस बोलवा, मिस्त्रीला हात लावू देऊ नका. वॉटर प्युरिफायर, चमच्यांची दांडी, मसाल्याची फळी कुठे टांगणार तेही आत्ताच ठरवा, म्हणजे भोक सांध्यावर किंवा चिपेच्या कडेवर येणार नाही.

माल मोजताना क्षेत्रफळावर दहा टक्के जास्त धरा. कोपरे, खिडकी, बोर्ड जास्त असतील तर पंधरा. सगळा माल एकाच वेळी, एकाच लॉटमधला घ्या. पुढच्या महिन्यात आणलेली स्लेट त्याच खाणीतली असली तरी रंगाने वेगळी निघू शकते. घरी आल्यावर सगळे खोके उघडून दगड एकमेकांत मिसळा आणि जमिनीवर कोरडेच मांडून बघा. भिंतीची लांबी खडूने फरशीवर आखून घेतली की सोपं जातं. एकाच छटेचे तुकडे एका ठिकाणी आले आहेत का, कोपऱ्यात दोन बोटांची चीप तर उरत नाही ना, उभे सांधे एकाखाली एक येतात का, हे डोळ्यांनी कळतं. हे काम घरातल्यांनी करावं. मिस्त्रीचा वेळ त्यात जात नाही आणि नंतर “असं का लावलं?” हा प्रश्न उरत नाही. पटलं की मोबाइलवर फोटो काढा आणि दगडांच्या पाठीवर खडूने आकडे टाका.

चिकटा निवडताना पिशवी वाचा. साध्या सिमेंट-वाळूच्या मालाने जाड फरशी जमिनीवर बसते. भिंतीवर नैसर्गिक दगड धरून ठेवायला पॉलिमर मिसळलेलं टाइल ॲडहेसिव्ह लागतं, ज्याला मिस्त्री ‘केमिकल’ म्हणतात. त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक पिशवीवर आहे का, प्रकार तिसरा किंवा त्याहून वरचा आहे का आणि भिंतीवर न घसरणारं असल्याचा उल्लेख आहे का, ते तपासा. फिकट दगडाला पांढरं ॲडहेसिव्ह घ्या, करड्याची सावली खालून दिसते. सहा मिलिमीटर थराला २० किलोची पिशवी वीस-बावीस चौरस फुटांना पुरते. वर मोजलेल्या दहा फुटी ओट्याला एक पिशवी जेमतेम होईल, दोन आणा. लवचिक पत्र्याचा चिकटा वेगळा असतो, तो पत्रा बनवणारा सांगेल तोच वापरा.

दगड कापण्याबद्दल थोडं खडसावून सांगायला हवं. बंद स्वयंपाकघरात कोरडा ग्राइंडर चालवू देऊ नका. स्लेट, वालुकाश्म, क्वार्ट्झाइट, ग्रॅनाइट या सगळ्यांच्या धुळीत सिलिका असते. ही धूळ फुप्फुसात कायमची बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. खाणकामगारांमध्ये तो इतका आहे की राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. आपल्या घरी येणारा कारागीर हीच धूळ वर्षानुवर्षं तोंडाला गमछा बांधून झेलत असतो आणि गमछ्याने ती अडत नाही. एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या, फार खर्च नाही. कापायचं काम गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत, डायमंड ब्लेडने, पाण्याची धार सोडून करायचं. पाणी आणि वीज एकत्र येणार म्हणून ग्राइंडर वीजगळती-संरक्षण असलेल्या लाइनवरच लावायचा. कापलेले दगड धुऊन, पाठ घासून सुकवायचे. पाठीवर भुकटी राहिली तर ॲडहेसिव्ह दगडाला न धरता भुकटीला धरतं.

प्रत्यक्ष लावणं त्या मानाने लवकर होतं. ओटा समपातळीत आहे असं गृहीत धरू नका. पाणसळीने भिंतीवर एक आडवी रेघ मारा आणि खालची ओळ त्या रेघेला जुळवा. ओट्याचा उतार असेल तो खालच्या दगडांच्या कापात लपवा. ओटा आणि दगड यांच्यात तीन मिलिमीटरची फट ठेवायची, पुठ्ठ्याचे तुकडे सारून. ही फट सिमेंटने भरू नये. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, सिमेंट तडकतं आणि मग तिथून पाणी आत जातं. शेवटी तिथे बुरशीरोधक सिलिकॉन भरायचं.

बादलीत आधी मोजून पाणी, मग पावडर. घोटून पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा घोटा. घट्ट व्हायला लागलं म्हणून वरून पाणी घालायचं नाही, तेवढं फेकून द्यायचं. एका वेळी पाच-सहा चौरस फुटांपुरताच थर भिंतीवर दातेरी थापीने ओढायचा, दात आठ किंवा दहा मिलिमीटरचे. दगडाच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा, मग दगड दाबून, किंचित सरकवून बसवायचा. थराला बोट लावल्यावर ते कोरडं निघालं तर तो थर मेला असं समजून खरवडून काढायचा.

मिस्त्रीशी वाद होण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथे. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे गोळे थापून दगड ठोकायची पद्धत अजून सर्रास चालते, कारण तिने लवकर काम उरकतं आणि सपाटी जुळवणं सोपं जातं. त्याने दगडामागे पोकळी राहते. खिळा ठोकताना दगड तिथे फुटतो आणि त्या पोकळीत झुरळं वस्ती करतात. पहिले दोन-तीन दगड लावल्यावर त्यांतला एक लगेच उचलून दाखवायला सांगा. पाठ बहुतेक सगळी माखलेली दिसली तर मिस्त्री बरोबर काम करतोय, मग त्याच्या मागे उभं राहायची गरज नाही. काम ठरवताना हे आधीच बोलून घेतलेलं बरं. दर रनिंग फुटाने आहे की चौरस फुटाने, उघड्या कडेला स्टीलची पट्टी कोण आणणार, बोर्डाभोवतीची कापणी धरली आहे का, हेही तेव्हाच. सोसायटीत ग्राइंडरच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या विचारून घ्या.

जाड दगडाच्या दोन-तीन ओळी झाल्या की थांबून खालच्यांना धरू द्यावं. पूर्ण झाल्यावर एक दिवस हात लावायचा नाही.

दरजा भरण्याआधी दगडाला सीलरचा पहिला हात द्यावा, नाहीतर ग्राउटचा रंग दगड पितो. चिपांच्या पॅनलला ग्राउट नसतंच. कापीव टाइल्सच्या सांध्यांना शेगडीजवळ इपॉक्सी ग्राउट लावा. हळदीचा डाग त्यात सिमेंटच्या ग्राउटइतका मुरत नाही. इपॉक्सी लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं-थोडं कालवायचं आणि दगडावर सांडलेलं लगेच पुसायचं.

सीलर आत मुरणारा घ्या. वर चकचकीत पापुद्रा धरणारा शेगडीच्या उष्णतेने पिवळा पडतो आणि सुटतो. दगड पूर्ण सुकलेला हवा, म्हणून हे काम भर पावसाळ्यात काढू नये. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला. उरलेल्या तुकड्यावर आधी लावून बघा, काही सीलर दगड गडद करतात. खिडकी उघडी, शेगडी बंद. ब्रशने लावून दहा-पंधरा मिनिटांनी न मुरलेलं पुसून घ्यायचं, डबक्यासारखं राहिलं तर चिकट डाग होतो. दोन हात पुरतात. पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहिला की झालं. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत हीच थेंबाची परीक्षा घ्या, थेंब पसरायला लागला की पुन्हा एक हात.

रोजच्या पुसण्याला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब एवढंच. व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं आम्ल, तारेची घासणी यांपैकी काही नको. कामाला येणाऱ्या मावशींना हे पहिल्या दिवशीच सांगा, कारण टाइलवर चालणारी पावडर त्या सवयीने दगडावरही वापरतील. तेलाचा डाग मुरलाच तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लेप द्या, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. गरज पडल्यास पुन्हा करा. हळदीचा डाग ऊन येणाऱ्या खिडकीजवळ असेल तर आपोआप फिकट होतो.

उरलेले पाच-सहा दगड टाकून देऊ नका. माळ्यावर ठेवा, सोबत सीलर आणि ग्राउटच्या रंगाचं नाव कागदावर लिहून. पुढे एखादा दगड पोकळ वाजू लागला, तर भोवतीची दरज कापून तेवढाच काढायचा, मागचा चिकटा छिन्नीने भिंतीपर्यंत साफ करायचा आणि नवा बसवायचा. त्याचा रंग काही महिने शेजारच्यांपेक्षा उजळ दिसेल.